टोकाच्या गावाचे पाणी : जीवन प्राधिकरणाचा बडनेऱ्यातून पाहिलेला इतिहास

बडनेऱ्याच्या नळाला येणारे पाणी मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याहून निघते. ऊर्ध्व वर्धा धरणातून उपसलेले हे पाणी नेरपिंगळाईमार्गे अमरावतीच्या तपोवन भागातील जलशुद्धीकरण केंद्रात येते. तिथे ते गाळले जाते, त्यात क्लोरिन मिसळले जाते, मग उंच टाक्यांमध्ये ते चढते आणि सगळे शहर ओलांडून दुसऱ्या टोकाला, रेल्वेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या बडनेऱ्याच्या जुन्या आणि नव्या वस्तीत पोहोचते. धरणापासून शहरापर्यंतच पन्नास किलोमीटरहून अधिक लांबीची जलवाहिनी आहे. या वाटेवर कुठेही वाहिनी फुटली, वीज गेली किंवा मधल्या एखाद्या टाकीत पाण्याची पातळी चढली नाही, तर सर्वांत आधी कोरडे पडते ते टोकाचे गाव. म्हणून या पाणीपुरवठ्याचा इतिहास मुख्यालयातून लिहिण्यापेक्षा बडनेऱ्यातून लिहिणे अधिक न्यायाचे ठरेल. मुख्यालयातून योजनांची संख्या दिसते. टोकावरून त्या योजनांचे पुढे काय झाले ते दिसते.

१९७६ च्या कायद्याने जन्मलेल्या या संस्थेला आता पन्नास वर्षे होत आहेत. आधी ती महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ होती, १९९७ पासून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आहे आणि आपल्याकडे तिला सगळे मजीप्रा म्हणतात. या पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना माझे म्हणणे एवढेच आहे की या संस्थेची कल्पना योग्य होती, आजही योग्य आहे, पण तिच्या पोटापाण्याची व्यवस्था चुकीच्या कामाशी बांधली गेली. पाणी आणण्याचे काम तिने उत्तम केले. आणलेले पाणी वर्षानुवर्षे पुरवत राहण्यासाठी, म्हणजे देखभालीसाठी आणि वाहिन्या बदलण्यासाठी, तिच्या हाती हक्काचा पैसा कधी दिलाच गेला नाही. बडनेऱ्याला पाणी मिळाले ते पहिल्या गोष्टीमुळे, आणि आज ते एक दिवसाआड मिळते त्यामागचे मोठे कारण दुसरी गोष्ट आहे.

या संस्थेआधी काय होते ते थोडक्यात सांगायला हवे. बडनेरा मोठे झाले ते रेल्वेने आणि कापसाने. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोहोचली, अमरावतीसाठीचा फाटा बडनेऱ्यातून निघाला, आणि जंक्शनभोवती जिनिंग, कापडगिरणी, रेल्वेची वस्ती असे सगळे उभे राहिले. वाफेच्या इंजिनाला पाणी लागते, गिरणीला लागते, कामगारांच्या चाळीला लागते. तरीही वस्तीच्या पिण्याच्या पाण्याची मदार विहिरींवरच होती. अमरावती शहरासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वडाळी आणि छत्री हे तलाव कामी आले. शहराजवळ पावसाचे पाणी अडवून नगरपालिकेने ते पुरवायचे, अशी ती पद्धत होती. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडाची जी दैना केली, तिच्यातून एक गोष्ट उघड झाली होती. गावाच्या शिवारात पडणाऱ्या पावसावर गावाचे पाणी अवलंबून असेल, तर पाऊस हुकला की गाव हुकते. पण नगरपालिकेची हद्द जिथे संपते तिथे तिचा पैसा संपतो आणि अधिकारही संपतो. पन्नास किलोमीटरवरच्या नदीचे पाणी आणायचे झाले तर त्याचा आराखडा कोणी करायचा, कर्ज कोणी काढायचे, वाटेतल्या दहा गावांशी कोणी बोलायचे, याची सोय कोणत्याही नगरपालिकेच्या कायद्यात नव्हती.

ही अडचण फक्त आपली नव्हती. सत्तरच्या दशकापासून देशात आणि देशाबाहेर एकाच प्रकारचे उत्तर शोधले जात होते. तमिळनाडूने १९७१ मध्ये राज्यस्तरीय पाणीपुरवठा मंडळ स्थापन केले, उत्तर प्रदेशात १९७५ मध्ये जलनिगम आले, केरळमध्ये १९८४ मध्ये जलप्राधिकरण. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७३ च्या कायद्याने शेकडो स्थानिक पाणीसंस्था मोडून नद्यांच्या खोऱ्यांनुसार दहा प्रादेशिक प्राधिकरणे केली गेली. या सगळ्यांमागचा विचार सरळ होता. पाणी नगरपालिकेच्या नकाशाप्रमाणे वाहत नाही, तेव्हा त्याचे नियोजन करणाऱ्या संस्थेची हद्दही त्या नकाशाने ठरू नये. महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्याने मंडळाला राज्यभराच्या योजनांचे आराखडे करणे, कर्ज उभारणे, कामे बांधणे आणि गरज पडेल तिथे स्थानिक संस्थेच्या वतीने योजना चालवून पाणीपट्टी घेणे, असे सगळे अधिकार एकत्र दिले. अभियंत्यांचे एक स्वतंत्र दल तयार झाले. ज्या नगरपालिकेला एक पात्र अभियंताही ठेवणे परवडत नव्हते, तिच्यासाठी सर्वेक्षणापासून टाकी उभी होईपर्यंतचे काम आता हे दल करू लागले.

याच काळात बडनेऱ्याचे प्रशासनही बदलले. १५ ऑगस्ट १९८३ रोजी अमरावती आणि बडनेरा या दोन नगरपालिका मिळून अमरावती महानगरपालिका झाली. महापालिकेच्या कायद्याने पाणी पुरवणे हे तिचे बंधनकारक कर्तव्य, पण प्रत्यक्ष पुरवठा राहिला तो राज्याच्या या मंडळाकडे. राज्यातल्या बहुतेक महापालिका आपले पाणी आपणच चालवतात. अमरावती आणि बडनेऱ्यात मात्र नळजोडणी देणे, मीटर लावणे, बिल पाठवणे, थकबाकीसाठी जोडणी तोडणे, वाहिनी फुटली तर खड्डा खणणे, हे सगळे मजीप्रा करते. शहराची रचना, घरे, रस्ते महापालिकेचे आणि त्या रस्त्याखालचे पाणी राज्याच्या संस्थेचे, अशी ही विभागणी आहे. तिचे तोटे पुढे येतीलच, पण तिचा एक मोठा फायदा आधी नोंदवला पाहिजे. धरणातला उपसा, शुद्धीकरण, टाकी, रस्त्याखालची वाहिनी, घराचा मीटर आणि महिन्याचे बिल ही सगळी साखळी एकाच संस्थेच्या हातात राहिली. किती पाणी उचलले आणि किती पाण्याचे बिल झाले, या दोन आकड्यांतला फरक सांगण्याची जबाबदारी त्यामुळे दुसऱ्यावर ढकलता येत नाही. अनेक शहरांत घाऊक पाणी एक विभाग देतो, वाटप दुसरा करतो, बिल तिसरा पाठवतो आणि गळती कोणाचीच नसते.

ऊर्ध्व वर्धा धरण १९९३ च्या सुमारास पूर्ण झाले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्या पाण्यावरची योजना शहरात सुरू झाली. नलदमयंती सागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाचा उपयुक्त साठा सुमारे ५६४ दशलक्ष घनमीटर आहे. वडाळी आणि छत्री तलावांच्या तुलनेत हा साठा इतका मोठा आहे की शहराचा पाणीप्रश्न त्या दिवसापासून वेगळ्या पातळीवर गेला. दुष्काळी वर्षांत मराठवाड्यातल्या शहरांना टँकर आणि रेल्वेने पाणी न्यावे लागले, तशी वेळ अमरावती-बडनेऱ्यावर आली नाही. याचे श्रेय धरण बांधणाऱ्या पाटबंधारे खात्याला जसे आहे, तसे त्या धरणातून शहरापर्यंत वाहिनी आखणाऱ्या मंडळालाही आहे. एकट्या नगरपालिकेने हे काम केले असते असे म्हणायला आधार नाही.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार. शहरी पाणीपुरवठ्याचा मान्य निकष दरडोई दररोज १३५ लिटर. म्हणजे दिवसाला सुमारे ८ कोटी ७३ लाख लिटर, आणि वर्षाला जवळपास ३२ दशलक्ष घनमीटर. जलाशयाच्या उपयुक्त साठ्याच्या तुलनेत हे सहा टक्क्यांच्या आतच बसते. लोकसंख्या वाढली, काही पाणी वाटेत गळाले असे धरले तरी पिण्यासाठी लागणारा वाटा फार मोठा होत नाही. तेव्हा धरण भरलेले असताना शहराला पाणी कमी मिळत असेल, तर कमतरता पाण्याची नाही, वाहून नेण्याची आणि वाटण्याची आहे, हे या आकड्यांवरून नक्की म्हणता येते.

हाच हिशेब एका वादाकडेही नेतो. नांदगावपेठच्या औष्णिक वीज प्रकल्पासाठी याच धरणातून वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झाले, तेव्हा अमरावतीत मोठी आंदोलने झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. ८७.६ म्हणजे उपयुक्त साठ्याच्या पंधरा टक्क्यांहून अधिक आणि वर काढलेल्या शहराच्या गरजेच्या पावणेतीन पट. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला दुसरे आणि शेतीला तिसरे स्थान दिले होते. राज्यभरातल्या विरोधानंतर २०११ मध्ये हा क्रम बदलला, शेती दुसरी आणि उद्योग तिसरा झाला. पिण्याच्या पाण्याचे पहिले स्थान मात्र दोन्ही वेळा कायम होते, आणि म्हणून कोणाला वाटेल की या वादाचा शहराच्या पाण्याशी संबंध नाही. संबंध आहे. धरणातले पाणी वाटणारी उच्चाधिकार समिती एका बाजूला, पाटबंधारे खाते दुसऱ्या बाजूला आणि पिण्याच्या पाण्याची योजना आखणारे प्राधिकरण तिसऱ्या खोलीत, अशी रचना असताना प्राधिकरणाला फक्त मिळालेल्या आरक्षणाच्या मर्यादेत काम करावे लागले. पुढच्या तीस वर्षांत अमरावती, बडनेरा आणि मधली गावे किती वाढतील, त्यासाठी किती पाणी राखून ठेवायचे, हा प्रश्न वाटपाच्या टेबलावर ठामपणे मांडणे हे प्रादेशिक नियोजन करणाऱ्या संस्थेचे पहिले काम आहे. ते काम पुरेशा मोठ्या आवाजात झाले नाही. शेतकऱ्यांची बाजू आंदोलकांनी मांडली, उद्योगाची बाजू शासनाने. नळाच्या पाण्याची बाजू आकड्यांसह लोकांपुढे मांडणारे कोणी दिसले नाही.

बडनेऱ्याच्या पश्चिमेला भातकुलीकडे सरकू लागले की प्रादेशिक योजनेची गरज वादाच्या पलीकडे जाते. तिथून पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूगर्भातले पाणीच खारे आहे. विहीर खणली की पाणी लागते, पण ते ना पिकाला चालते ना माणसाला. किडनीच्या विकारांबद्दल या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या तक्रारी येत आहेत. दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जी परिसरातल्या गावांसाठी सातपुड्याच्या पायथ्याच्या शहानूर धरणावरून १५६ गावांची प्रादेशिक योजना झाली. अकोला, अकोट, तेल्हाऱ्याकडच्या गावांसाठी वान धरणावरून ८४ खेडी योजना झाली. ज्या गाडगेबाबांच्या नावाने राज्याच्या पाणीपुरवठा व स्वच्छता खात्याने ग्रामस्वच्छता अभियान काढले, ते बाबा या पूर्णाकाठच्या मुलखातलेच होते. गोड पाण्याचे मोल या मुलखाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रादेशिक योजनांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वजनदार आहे. गावचे पाणी गावातच मुरवा, गावानेच सांभाळा. शंभर गावांची लांबलचक योजना म्हणजे शंभर ठिकाणी फुटणारी वाहिनी, अवाढव्य वीजबिल, आणि कोणत्याही गावाला आपली न वाटणारी व्यवस्था. हे म्हणणे मोठ्या प्रमाणात खरे आहे. २७ जुलै २००० च्या शासन निर्णयाने राज्याने याच दिशेने वळण घेतले. योजना मागणीवर आधारित असावी, गावाने भांडवली खर्चाची दहा टक्के लोकवर्गणी द्यावी, पाणीपुरवठा समितीने ती चालवावी, असे ठरले. बेसाल्टच्या कातळात ज्या गावांना चांगली विहीर आहे, तिथे हे धोरण प्रादेशिक योजनेपेक्षा नक्कीच बरे. पण खारपाणपट्ट्यात पाणी मुरवून ते गोड होत नाही, निदान एका पिढीत तरी नाही. तिथल्या गावाला स्वतःचा स्रोत शोधायला सांगणे म्हणजे त्याला खारे पाणी प्यायला सांगणे. तेव्हा आक्षेप प्रादेशिक योजनेच्या कल्पनेवर नसून ती नको तिथे लादण्यावर असायला हवा. जिथे भूगर्भच आडवा येतो तिथे प्रादेशिक योजना, जिथे विहीर पुरते तिथे गावची योजना, हा निवाडा करणारी आणि दोन्ही बाजूंचा खर्च जाणणारी संस्था लागतेच, आणि ते ज्ञान आज प्राधिकरणाच्या अभियंत्यांकडे आहे.

शेतकऱ्यांचा आक्षेप आणखी निराळा आहे, आणि त्याला सोपे उत्तर नाही. वान धरणातून बाळापूर भागातल्या ६९ गावांसाठी योजना आखली गेली तेव्हा तेल्हारा-अकोट भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण ते धरण त्यांच्या सिंचनासाठी होते. योजनेला स्थगिती मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरकडचे लोक खाऱ्या पाण्याचा टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले. एका बाजूला खारे पाणी पिणारी गावे, दुसऱ्या बाजूला कालव्याची वाट पाहणारी शेते, आणि दोघेही वऱ्हाडचेच. पिण्याला पहिले स्थान आहे असे धोरण सांगते, पण पाण्याची योजना एकेका धरणावर, एकेका मतदारसंघाच्या मागणीतून सुटी सुटी आखली गेली तर हा संघर्ष ठरलेलाच. सगळ्या पूर्णा खोऱ्याचा पिण्याचा ताळेबंद एकदाच, एकत्र मांडून, कोणत्या धरणातून किती आणि त्या बदल्यात सिंचनाला काय, हे धरण भरण्याआधी ठरवता आले असते. १९७६ च्या कायद्यात असे नियोजन करण्याचा अधिकार होता. त्याचा वापर आराखडे करण्यापुरता राहिला, भांडण होण्याआधी मिटवण्यासाठी झाला नाही.

असे का झाले, याचे उत्तर संस्थेच्या हिशेबवहीत आहे. मंडळाला शासनाकडून पगाराची कायमची हमी नव्हती. ती स्वायत्त संस्था, तिने आपला खर्च आपण काढावा, असे गृहीत धरले होते. उत्पन्नाचा मोठा भाग येत असे तो बांधलेल्या कामांच्या किमतीवर टक्केवारीने मिळणाऱ्या शुल्कातून, जे एके काळी १७.५ टक्के होते. याचा परिणाम कोणाच्याही सचोटीवर शंका न घेता समजून घेता येतो. नवी योजना मंजूर झाली की संस्थेला उत्पन्न. योजना मोठी असली की उत्पन्न मोठे. जुन्या योजनेची गळती कमी केली, व्हॉल्व्ह बदलले, पंपांची वीज वाचवली, तर त्याचे श्रेय कुठल्याच रकान्यात जमा होत नाही. नवीन कामाचे आमंत्रण जितके अधिक, तितका अभियंत्यांचा पगार सुरक्षित. पुढे २००० नंतरच्या धोरणाने ग्रामीण कामे गावांकडे आणि जिल्हा परिषदांकडे गेली, तेव्हा हे उत्पन्न आटले आणि संस्था अडचणीत आली. अखेर कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा भार शासनाने उचलावा लागला. १९७६ पासूनची एक मूळ चूक यामुळे दुरुस्त झाली खरी, पण संस्थेची पन्नास वर्षांतली बहुतेक वर्षे त्या चुकीत गेल्यावर.

देखभालीचा प्रश्न तर त्याहून खोल आहे. पाणीपुरवठ्याच्या अभियांत्रिकी निकषांत मुख्य जलवाहिनी तीस वर्षांसाठी आखली जाते, पंप आणि शुद्धीकरण यंत्रणा पंधरा वर्षांसाठी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरू झालेली सिंभोऱ्याची वाहिनी आता ती मुदत ओलांडत आहे. हे कोणालाही अनपेक्षित नव्हते. ज्या दिवशी वाहिनीत पहिले पाणी सोडले, त्या दिवशीच तिच्या बदलीचे वर्ष कळले होते. तीस वर्षे ग्राहकांच्या बिलातून दरवर्षी थोडी रक्कम घसारा निधी म्हणून वेगळी ठेवली असती, तर आज बदलीचा निदान काही भाग त्यातून उभा राहिला असता. तसे झाले नाही. पाणीपट्टीतून वीजबिल, रसायने आणि रोजची दुरुस्ती भागवता भागवता पुढच्यासाठी काही उरले नाही, आणि दर वाढवायचा प्रत्येक प्रयत्न राजकीय विरोधात अडकला. म्हणून आता नवी वाहिनी आणि वाढीव यंत्रणा केंद्राच्या अमृत अभियानाच्या अनुदानाची वाट पाहते. मधल्या काळात जुनी वाहिनी फुटत राहिली. फुटली की पुरवठा दोन-दोन दिवस थांबतो, आणि टाक्या पुन्हा भरू लागल्या की आधी उंचावरचा आणि जवळचा भाग भरतो. बडनेऱ्यापर्यंत दाब पोहोचतो तो शेवटी. त्यात घरोघरी थेट नळाला टिल्लू पंप लावले जातात, आणि टोकाच्या घरांचा उरलासुरला दाबही जातो. एक दिवसाआड पुरवठ्याचे हे गणित आहे. धरणातल्या पाण्याशी त्याचा संबंध फार थोडा.

इंग्लंडच्या प्रादेशिक प्राधिकरणांचा अनुभवही हेच सांगतो. खोऱ्यांनुसार हद्द ठरवून ती उत्तम आखली गेली, पण ऐंशीच्या दशकात सरकारने त्यांच्या कर्जउभारणीवर बंधने आणली, जुन्या वाहिन्यांवरचा खर्च थोपवला, आणि १९८९ मध्ये त्या सगळ्यांचे खासगीकरण झाले. हद्द योग्य असणे पुरेसे नाही. तीस वर्षांनंतरच्या वाहिनीचा पैसा आजच्या हिशेबात दिसला पाहिजे, नाहीतर चांगली रचनाही एक दिवस कोसळते आणि लोक रचनेलाच दोष देतात.

आता सर्वांत मोठा आक्षेप. ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा हा नगरपालिकांचा विषय म्हणून बाराव्या अनुसूचीत घातला. मग अमरावती-बडनेऱ्याचे पाणी निवडून न आलेल्या राज्यस्तरीय संस्थेकडे का असावे? बडनेऱ्याच्या नागरिकाने तक्रार केली तर नगरसेवक म्हणतो हे आमच्याकडे नाही, आणि प्राधिकरणाच्या अभियंत्याला मतांची भीती नाही. लोकशाहीच्या दृष्टीने हा दोष आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हस्तांतराने पाणी सुधारते असे मानायलाही पुरावा हवा. शेजारच्या अकोल्यात महापालिका स्वतःचे पाणी चालवते, आणि तिथल्या लोकांनी चार-पाच दिवसांनी एकदा येणारे पाणी दीर्घकाळ सोसले आहे. यावर कोणी म्हणेल की अकोल्याचे काटेपूर्णा धरण ऊर्ध्व वर्ध्याच्या मानाने फारच लहान, तेव्हा तुलना न्याय्य नाही. ते खरे आहे, आणि म्हणूनच अकोल्यावरून महापालिका नालायक ठरत नाही, तशी अमरावतीवरून ती लायकही ठरत नाही. उलट उदाहरण कऱ्हाडजवळच्या मलकापूरचे आहे. तिथे प्राधिकरणाने चोवीस तास पाणी देणारी योजना बांधली आणि स्थानिक नगरपंचायतीने ती मीटर लावून चालवली. देशभर तिचे कौतुक झाले. तिथे पाणी टिकले ते मालक कोण यावरून टिकले नाही. प्रत्येक घरी मीटर होता, प्रत्येक भागाचे वेगळे मोजमाप होते, गळती कुठे आहे हे दिवसाच्या दिवशी कळत होते. तेव्हा अमरावती-बडनेऱ्यात प्रश्न हस्तांतराचा कमी आणि उत्तरदायित्वाचा अधिक आहे. पाणी प्राधिकरणाकडे राहो, पण त्याचा हिशेब महापालिकेच्या सभेपुढे दर तीन महिन्यांनी यावा, प्रभागनिहाय किती पाणी दिले आणि किती गळाले ते तिथे उघडपणे मांडले जावे. यासाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही, एका करारनाम्याची आहे.

मीटरविषयीही एक शंका आहे. गरिबाला मोजून पाणी विकणे योग्य आहे का? या प्रश्नामागची कळकळ खरी आहे. पण बडनेऱ्याच्या वस्तीत पाहिले तर न मोजलेल्या पाण्याचा फायदा होतो तो मोठी टाकी, मोटर आणि मुख्य वाहिनीजवळचे घर असणाऱ्याला. टोकाच्या झोपडपट्टीतल्या घराला न मोजलेल्या पुरवठ्यात पाणी पोहोचतच नाही, मग ते टँकरचे महागडे पाणी विकत घेते. थोड्या वापराला कमी दर आणि जास्त वापराला चढता दर, अशी पट्टी ठेवली तर मीटर गरिबाच्या बाजूने काम करतो. तो नीट चालला पाहिजे, बंद मीटरवर अंदाजे बिल लावले जाऊ नये, ही मागणी मात्र ठामपणे करायला हवी. अंदाजे बिलाने ग्राहकाचा विश्वास जातो, आणि एकदा विश्वास गेला की थकबाकी वाढते, थकबाकी वाढली की देखभालीला पैसा उरत नाही. जलजीवन मिशनने २०१९ पासून गावागावांत घरोघरी नळ आणि दरडोई ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या नळांपुढेही लवकरच हाच प्रश्न उभा राहील, कारण नळ बसवण्याचा पैसा मुख्यतः केंद्र आणि राज्याकडून आला आणि चालवण्याचा गावाने आणायचा आहे.

सिंभोऱ्याची नवी वाहिनी येईल तेव्हा तिच्याबरोबर तीन गोष्टी करारात लिहून घेतल्या पाहिजेत, आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक नागरिकाने त्या मागितल्या पाहिजेत. वाहिनी सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्यापासून ग्राहकांच्या बिलात घसारा निधीची वेगळी ओळ असावी, तो पैसा वेगळ्या खात्यात राहावा आणि अन्य खर्चाला लावता येऊ नये. बडनेऱ्याच्या जुन्या आणि नव्या वस्तीला पाणी देणाऱ्या टाक्यांवर घाऊक मीटर बसवून त्यांची दैनिक नोंद लोकांसाठी खुली असावी. तिसरी गोष्ट कामाच्या मूल्यमापनाची. प्राधिकरणाच्या अमरावती प्रदेशाच्या वार्षिक अहवालात नव्या योजनांच्या यादीच्या आधी जुन्या योजनांची गळती, पुरवठ्याचे तास आणि शेवटच्या टोकावरचा दाब यांचे आकडे छापावेत. संस्थेच्या पहिल्या पन्नास वर्षांत धरणापासून बडनेऱ्यापर्यंत पाणी आणणाऱ्या अभियंत्यांची, पंपचालकांची, व्हॉल्व्हमनची मेहनत खरी होती. त्या मेहनतीचे मोजमाप मात्र बांधलेल्या किलोमीटरमध्ये झाले. पुढच्या वाहिनीचे मोजमाप बडनेऱ्याच्या शेवटच्या नळाला दररोज किती वेळ आणि किती दाबाने पाणी आले यात व्हावे, आणि ती नोंद वाहिनी सुरू होण्याच्या दिवसापासून ठेवली जावी.